नियंत्रित औषधांचे वितरण व रुग्ण-मार्गदर्शन

नियंत्रित औषधांचे वितरण व रुग्ण-मार्गदर्शन : ज्या औषधांची सवय लागण्याचा, गैरवापर होण्याचा किंवा अयोग्य वापरामुळे व्यक्तीस वा समाजास अपाय होण्याचा विशेष धोका असतो आणि म्हणून ज्यांच्या उत्पादनावर, साठवणीवर व विक्रीवर कायद्याने अधिक कडक निर्बंध घातलेले असतात, त्या औषधांना सामान्यतः नियंत्रित औषधे म्हणतात. अफूपासून मिळणारी मॉर्फीन व कोडीन ही वेदनाहारके, डायाझेपाम व अल्प्राझोलाम यांसारखी शामके, फिनोबार्बिटोन हे अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) औषध, तसेच क्षयरोगावरील औषधे व काही प्रभावी प्रतिजैवे यांचा त्यांत समावेश होतो. अशी औषधे रुग्णाच्या हाती देताना ती कशासाठी, किती, केव्हा व किती दिवस घ्यावयाची, कोणती काळजी घ्यावयाची आणि कोणते लक्षण दिसताच डॉक्टरांकडे जावयाचे, हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याने समजावून सांगणे व ते समजले असल्याची खात्री करून घेणे म्हणजे रुग्ण-मार्गदर्शन होय. यासच समुपदेशन असेही म्हणतात.

कुलूप, नोंदवही व डॉक्टरांची चिठ्ठी या तीन साधनांनी औषधाच्या साठ्यावर नियंत्रण ठेवता येते. परंतु औषध दुकानाबाहेर पडल्यानंतर ही तिन्ही साधने निरुपयोगी ठरतात. त्यापुढील सुरक्षितता रुग्णाच्या व त्याच्या घरच्या माणसांच्या समजुतीवर अवलंबून असते. शहरात डॉक्टर जवळ असल्याने झालेली चूक लवकर ध्यानात येण्याची शक्यता असते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत मात्र औषध घेऊन पाड्यावर परतलेला रुग्ण पुन्हा महिन्याभराने भेटण्याचा संभव असतो. म्हणून दुकानाच्या अथवा रुग्णालयाच्या खिडकीवरील काही मिनिटांच्या बोलण्यास तेथे विशेष महत्त्व प्राप्त होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात अफूच्या लागवडीवर व व्यापारावर १८५७ व १८७८ च्या अफूविषयक अधिनियमांनी नियंत्रण आले. १९३० मध्ये घातक औषधी द्रव्यांविषयीचा अधिनियम संमत झाला. त्याच सुमारास रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने (१९३०-३१) देशातील औषधविक्रीतील अव्यवस्था व प्रशिक्षित औषधनिर्मात्यांचा अभाव यांकडे लक्ष वेधले. त्यानंतर औषधांविषयीचा मूळ अधिनियम १९४० मध्ये, त्याखालील नियम १९४५ मध्ये व औषधव्यवसायाचे नियमन करणारा अधिनियम १९४८ मध्ये अस्तित्वात आला.

त्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ महाराष्ट्रातील लहान गावांत औषध देण्याचे काम डॉक्टरांच्या दवाखान्यातील कंपाउंडर करीत. रंगीत मिश्रण बाटलीत भरून बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवीत आणि पट्टीच्या एका खाचेएवढे औषध एका वेळी घ्यावयाचे असे सांगत. चूर्णाच्या पुड्या मोजून देत. ही पद्धत अशास्त्रीय वाटली, तरी निरक्षर माणसाला मात्रा डोळ्यांनी दिसावी ही तिच्यामागील दृष्टी योग्य होती. तयार गोळ्यांची पाकिटे आल्यावर ही खूण नाहीशी झाली व तिची जागा छापील अक्षरांनी घेतली. ती अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात. त्यामुळे मार्गदर्शनाची गरज कमी न होता वाढली.

औषधनिर्मात्याच्या कामात औषध देण्याइतकेच रुग्णाची काळजी घेण्यास महत्त्व आहे, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र मान्य होऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये नवी दिल्ली येथे घेतलेल्या बैठकीत आरोग्यसेवेतील औषधनिर्मात्याच्या भूमिकेचा विचार झाला. भारतात औषधव्यवसायाविषयी २०१५ मध्ये जारी झालेल्या विनियमांनी रुग्णास समक्ष मार्गदर्शन करणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले. औषधाचे नाव व उपयोग, मात्रा व मुदत, घ्यावयाची खबरदारी, संभाव्य दुष्परिणाम, इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया, साठवण आणि मात्रा चुकल्यास करावयाची उपाययोजना हे विषय त्यात नमूद केले आहेत. दुकानातील साहाय्यकाने गोळ्या काढून दिल्या, तरी हे मार्गदर्शन त्याने करावयाचे नसते.

कायदेशीर वर्गवारी : औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. या अनुसूचीचे पालन ढिलाईने होते असे आढळल्यावर २०१३ मध्ये ‘एच-१’ ही नवी अनुसूची अधिसूचित झाली व ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली. आरंभी तीत ४६ औषधे होती. त्यांत क्षयरोगावरील औषधे, अनेक प्रभावी प्रतिजैवे, तसेच अल्प्राझोलाम, डायाझेपाम, कोडीन व ट्रॅमॅडॉल यांचा समावेश होता. ही औषधे देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव व दिलेले प्रमाण यांची नोंद स्वतंत्र नोंदवहीत करावी लागते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो.

‘एक्स’ अनुसूचीत सेकोबार्बिटल, अँफेटामीन, मिथिलफेनिडेट, केटामीन इ. द्रव्ये येतात. त्यांच्या विक्रीसाठी निराळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते व तिची एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे ठेवावयाची असते. साठा कुलुपात ठेवावा लागतो. याखेरीज मादक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. ट्रॅमॅडॉल हे वेदनाहारक २०१८ मध्ये त्याच्या कक्षेत आले. एकच औषध एकाहून अधिक तरतुदींखाली येऊ शकते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. महाराष्ट्रात औषधविक्रीच्या परवान्यांचे व तपासणीचे काम अन्न व औषध प्रशासनाकडे, तर औषधनिर्मात्यांच्या नोंदणीचे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे आहे.

शहापूर-मुरबाड परिसर : शहापूर तालुका मुंबई–आग्रा महामार्गावर व कल्याण–कसारा लोहमार्गावर, तर मुरबाड तालुका कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. मुंबईस पाणी पुरविणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुख्य रस्त्यांवरील गावे शहरांशी जोडलेली असली, तरी सह्याद्रीच्या पायथ्याशी विखुरलेल्या पाड्यांपर्यंत वाहने मोजकीच जातात आणि पावसाळ्यात काही वाटा बंद पडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या आदिवासी जमातींची वस्ती येथे मोठी असून शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. भातशेती हा मुख्य व्यवसाय असला, तरी दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात व पावसाच्या तोंडावर परततात. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय असून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जोडलेली आहेत. विशेषज्ञांच्या सल्ल्यासाठी मात्र रुग्णाला बहुधा कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. मानसिक विकारांसाठी ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे जुने आश्रयस्थान आहे.

या परिस्थितीचे मार्गदर्शनावर चार प्रकारे परिणाम होतात. एक, चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर व औषध देणारा औषधनिर्माता यांच्यात कित्येक किलोमीटरांचे अंतर असते व शंका निरसनासाठी दूरध्वनीचाच आधार घ्यावा लागतो. दोन, औषध नेण्यासाठी पुष्कळदा रुग्णाऐवजी नातेवाईक अथवा शेजारी येतो. तीन, रुग्णाची बोली आणि चिठ्ठीची भाषा यांत अंतर असते. चार, स्थलांतरामुळे उपचार मध्येच खंडित होण्याचा धोका असतो. यांपैकी चौथी अडचण विशेष गंभीर आहे, कारण नियंत्रित औषधांपैकी अनेक औषधे अशी आहेत, की ती अकारण सुरू करणे जितके घातक तितकेच ती एकाएकी थांबविणेही घातक असते.

मार्गदर्शनाची पद्धत : प्रथम चिठ्ठी तपासतात. तिच्यावर डॉक्टरांची सही व दिनांक, रुग्णाचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा असणे नियमांनुसार आवश्यक आहे. पुन्हा औषध द्यावे असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येते आणि दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता व दिनांक नोंदवावा लागतो. ‘एच’ किंवा ‘एक्स’ अनुसूचीतील औषधाऐवजी दुसरे औषध औषधनिर्मात्याने परस्पर द्यावयाचे नसते. आकडा अस्पष्ट असेल, मात्रा नेहमीपेक्षा जास्त वाटली किंवा चिठ्ठीत खाडाखोड दिसली, तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांशी संपर्क साधतात.

त्यानंतर विचारपूस करतात. अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी असलेल्या आरोग्यसेवेत रूढ झालेली तीन प्रश्नांची पद्धत येथेही उपयुक्त ठरते. डॉक्टरांनी हे औषध कशासाठी सांगितले, ते कसे घ्यावयास सांगितले आणि त्याने काय होईल असे सांगितले, हे ते तीन प्रश्न होत. ‘समजले ना?’ या प्रश्नास संकोचाने ‘हो’ असेच उत्तर मिळते. उलट या तीन प्रश्नांमुळे रुग्णास काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही हे कळते, आणि जे ठाऊक नाही तेवढेच सांगावे लागते. यासोबत इतर औषधे, पूर्वीची ॲलर्जी, गर्भारपण, अंगावर पाजणे, दारूचे सेवन व झाडपाल्याचा उपचार यांचीही चौकशी करतात. पाड्यावरील अनेक रुग्ण आधी भगताकडे जाऊन आलेले असतात. त्याबद्दल हेटाळणी केल्यास पुढील माहिती दडविली जाते. म्हणून चौकशी सहज व अनाग्रही असावी लागते.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष सांगण्याचा. घड्याळातील वेळेपेक्षा दिनक्रमातील खूण रुग्णास अधिक लक्षात राहते, उदा., सकाळची भाकरी, कामावरून परतणे, रात्रीचे जेवण. पाकिटावर सूर्य व चंद्र यांची चित्रे काढून त्यांपुढे गोळ्यांच्या संख्येइतके ठिपके देणे हा सोपा उपाय आहे. एकाच आकाराच्या व रंगाच्या दोन गोळ्या असल्यास त्या निरनिराळ्या पिशव्यांत देतात. पातळ औषध घरातील चमच्याने न मोजता सोबतच्या मापानेच मोजावे, असे सांगून माप भरून दाखवितात.

शेवटी, सांगितलेले रुग्णाकडून वदवून घेतात. ‘आजी, घरी गेल्यावर ही गोळी केव्हा व किती घेणार ते सांगा पाहू’, असे विचारले असता चूक तेथेच उघड होते व दुरुस्त करता येते. नातेवाईक औषध नेत असेल, तर घरी औषध देणारी व्यक्ती कोण हे विचारून शक्य असल्यास दूरध्वनीवर तिच्याशीच बोलतात. रुग्ण आश्रमशाळेतील विद्यार्थी असेल, तर औषधे व सूचना अधीक्षकाकडे पोचणे आवश्यक असते, कारण सुटीत घरी गेलेल्या व परत आलेल्या मुलाची औषधे नेमकी याच वेळी खंडित होतात.

विशिष्ट औषधांबाबतच्या सूचना : (१) अपस्मारावरील औषधे : फिनोबार्बिटोन हे स्वस्त व जुने औषध बहुधा रात्री एकदा घ्यावयाचे असते. अनेक महिने झटका आला नाही म्हणजे रोग गेला असे समजून औषध बंद करणे, ही सर्वसाधारण चूक होय. असे केल्यास एकापाठोपाठ एक झटके येऊन जीवास धोका निर्माण होऊ शकतो. म्हणून औषध संपण्याच्या आठवडाभर आधी पुढील चिठ्ठी घ्यावी, हे पहिल्याच दिवशी सांगतात. एखादी मात्रा चुकल्यास आठवण होताच ती घ्यावी, मात्र पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. अंगावर पुरळ उठल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, याची सूचना स्त्री-रुग्णास खाजगीत देणे आवश्यक असते. झटक्याच्या वेळी तोंडात काही न घालता रुग्णास कुशीवर वळवावे व विहीर, तळे आणि चूल यांपासून दूर ठेवावे, हेही घरच्या माणसांना सांगतात.

(२) शामके व निद्राकारके : अल्प्राझोलाम, डायाझेपाम, नायट्राझेपाम इ. औषधांनी झोप व स्वस्थता लवकर येते. त्यामुळेच ती चालू ठेवण्याकडे कल होतो. काही आठवड्यांहून अधिक काळ नियमित घेतल्यास शरीर त्यांवर अवलंबून राहू लागते आणि एकदम बंद केल्यास निद्रानाश, थरथर, बेचैनी व क्वचित झटके उद्‌भवतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावयाची असतात. दारूसह घेतल्यास गुंगी वाढून श्वसन मंदावते. मोहाची घरगुती दारू ‘औषधी’ असल्याने चालते, हा समज स्पष्टपणे दूर करावा लागतो. नाशिक महामार्गावरील व घाटांतील वाहनचालकांना, तसेच यंत्रांवर काम करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना झोपाळूपणाविषयी विशेष ताकीद देतात. वृद्धांना रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

(३) खोकला व जुलाब यांवरील औषधे : कोडीनयुक्त खोकल्याची औषधे नशेसाठी वापरली जातात. तसेच ती लहान मुलांना दिल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्या माणसाची उरलेली बाटली मुलाला देऊ नये, असे बजावतात. जुलाबावरील डायफेनॉक्सिलेट हे औषधही लहान मुलांना घातक ठरते. मुलांच्या जुलाबात पहिला उपाय म्हणजे क्षार-साखरेचे पाणी वारंवार पाजणे व आरोग्य केंद्रात नेणे हा होय.

(४) क्षयरोगावरील औषधे : ही नशा आणणारी नाहीत. तथापि अर्धवट घेतल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात व असा रोग इतरांनाही जडतो, म्हणून त्यांवर नियंत्रण आहे. नेहमीचा उपचार किमान सहा महिने चालतो. पहिल्या दोन महिन्यांतच ताप व खोकला कमी होऊन रुग्णास बरे वाटू लागते व याच सुमारास उपचार सोडण्याचा मोह होतो. रिफँपिसीनमुळे लघवी नारिंगी होते. हे आधी न सांगितल्यास रक्त जाते असे समजून रुग्ण घाबरतो व औषध टाकतो. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, दृष्टी मंदावणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. ही औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. खाजगी दुकानांतून ती नेणाऱ्या रुग्णांची माहिती शासनास कळविणे २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबास तेथील जवळच्या केंद्रात उपचार चालू ठेवता येतो, ही माहिती निघण्यापूर्वी देणे हे मार्गदर्शनातील सर्वांत मोलाचे वाक्य ठरू शकते.

(५) तीव्र वेदनाहारके : कर्करोगाच्या असह्य वेदनांवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन परिणामकारक आहे. ते सर्व दुकानांत मिळत नाही. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मान्यताप्राप्त संस्थांतून ते घेऊन रुग्ण गावी परततात. साधे मॉर्फीन वेदना उठण्याची वाट न पाहता ठराविक अंतराने, सामान्यतः दर चार तासांनी, देतात. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी चावू किंवा कुटू नये. बद्धकोष्ठता जवळजवळ नेहमीच होत असल्याने सोबतचे रेचक चुकवू नये. रुग्ण फारच गुंगीत गेल्यास व श्वास मंदावल्यास तातडीने मदत घ्यावी. रुग्ण दगावल्यास उरलेले औषध घरात न ठेवता संस्थेस परत करावे. ट्रॅमॅडॉलने अपस्माराच्या रुग्णास झटके येण्याचा धोका असल्याने तशी पृच्छा करूनच ते देतात.

साठवण : या भागात वार्षिक पर्जन्यमान दोन हजार मिमी.हून अधिक असल्याने हवेतील ओलाव्याने गोळ्या खराब होतात. त्या पाकिटातून आधीच काढून ठेवू नयेत. चुलीजवळ किंवा छपराच्या कौलाखाली औषध ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात व मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी, शक्यतो कुलुपाच्या पेटीत, ठेवावे. एका कुटुंबातील औषध, तशीच लक्षणे असली तरी, दुसऱ्यास देऊ नये.

नकार व गोपनीयता : चिठ्ठीशिवाय औषध मागणाऱ्यास नकार देणे हा औषधनिर्मात्याच्या कामातील अवघड भाग आहे. लहान गावात ग्राहक परिचित असतो, अंतर मोठे असते व दवाखाना बंद झालेला असतो. सवय लागलेल्या माणसास केवळ हुसकावून लावल्याने तो दुसरीकडे जातो. अनेक वर्षे शामके घेणाऱ्याचे औषध एकदम तुटल्यास त्यास धोकाही असतो. म्हणून औषध नाकारतानाच उपचाराचा मार्ग दाखविणे, डॉक्टरांशी संपर्क करून देणे व रुग्णालयाची वेळ सांगणे आवश्यक असते. अपस्माराच्या रुग्णास गोळ्या संपल्याने झटके येऊ लागले असतील, तर ती आपत्कालीन स्थिती समजून त्यास रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था करतात. नकार औषधाला असावा, माणसाला असू नये, हे यामागील तत्त्व होय.

मार्गदर्शन इतरांस ऐकू जाणार नाही अशा आवाजात करावे. अपस्मार, क्षय व मानसिक विकार यांविषयी समाजात अद्याप संकोच आहे. विवाहास अडथळा ठरणाऱ्या कारणांतून अपस्मार हिंदू विवाह अधिनियमातील दुरुस्तीने १९९९ मध्ये वगळला गेला. तरीही मुलीच्या आजाराचे नाव दुकानात मोठ्याने उच्चारले गेल्याने पुढे औषध घेणेच बंद होण्याचा संभव असतो. नोंदवहीतील नावे इतरांच्या दृष्टीस पडू न देणे हाही याच कर्तव्याचा भाग आहे.

नियंत्रण व उपलब्धता यांतील तोल : निर्बंधांची दुसरी बाजूही असते. १९८५ च्या अधिनियमातील कठोर शिक्षा व परवान्यांची गुंतागुंत यांमुळे रुग्णालयांनी व दुकानांनी मॉर्फीन ठेवणे सोडले. भारतातील त्याचा वैद्यकीय वापर सु. ९७ टक्क्यांनी घटून १९९७ मध्ये केवळ १८ किग्रॅ.वर आला. जगातील वैध अफूचा मोठा भाग पिकविणाऱ्या या देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनाशमनाविना राहिले. या अनुभवानंतर २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून मॉर्फीन, फेंटानिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा द्रव्ये अत्यावश्यक मादक औषधे म्हणून अधिसूचित करण्यात आली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्याची पद्धत सुलभ झाली.

या घटनेचा मार्गदर्शनाशी निकटचा संबंध आहे. मॉर्फीन म्हणजे व्यसन, ही भीती रुग्णाच्या घरी इतकी खोल असते, की औषध हाती असूनही ते दिले जात नाही. औषधाची शरीरास सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फीनने कर्करोगाच्या रुग्णास व्यसन क्वचितच लागते. हे समजावून सांगणारा औषधनिर्माता नियमांचे पालन करीत असतानाच रुग्णाची वेदनाही कमी करीत असतो. धोका दाखविणे व भीती घालविणे या दोन्ही गोष्टी त्याच्याच कामात मोडतात.

मर्यादा : एकाच औषधनिर्मात्यावर अनेक रुग्णांची गर्दी, निवांत बोलण्यास जागा नसणे, परवान्यावर नाव असलेली व्यक्ती प्रत्यक्ष दुकानात हजर नसणे आणि बोलीभाषेतील छापील सूचनांचा अभाव या प्रमुख अडचणी होत. सर्वच रुग्णांना सारखा वेळ देणे शक्य नसल्यास पहिल्यांदाच औषध घेणारे, वृद्ध, गर्भवती, एकाहून अधिक औषधे घेणारे आणि स्थलांतरास निघालेले यांना प्राधान्य देतात. गावातील आशा स्वयंसेविकांशी संपर्क असल्यास, रुग्णाच्या संमतीने, पुढील पाठपुरावा पाड्यापर्यंत पोचू शकतो. शासकीय रुग्णालयांतील औषधनिर्माण अधिकारी, खाजगी विक्रेते व आरोग्य कर्मचारी यांनी एकाच प्रकारच्या खुणा व सूचना वापरल्यास रुग्णाचा गोंधळ टळतो. नोंदवहीतील साठा जुळला म्हणजे नियमांची पूर्तता होते. घेतलेले औषध योग्य रीतीने घेतले गेले किंवा नाही, हे मात्र पुढील भेटीत रुग्णास विचारूनच कळते. म्हणून ‘मागच्या गोळ्यांनी कसे वाटले ?’ हा प्रश्न प्रत्येक पुनर्वितरणाच्या आरंभी विचारणे इष्ट होय.